लेझरच्या तोंडाला कुंकू

आमच्या विभागप्रमुखांना लेझरमधलं एवढंच कळत होतं, की तो लाल असतो. हे मी आज निवृत्तीनंतर घरात बसून बिनधास्त लिहिते आहे. तेव्हा त्यांच्यासमोर मान डोलावण्यापलीकडे मी काही केलं नाही, आणि त्याचं कारण आदर हे नव्हतं.

डोंबिवलीच्या त्या कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी सात वर्षं हंगामी साहाय्यक होते. दर एप्रिलअखेर मला कामावरून कमी करायचे आणि जूनमध्ये पुन्हा नेमायचे, म्हणजे माझी नोकरी सलग झाली असं कागदावर कुठेच दिसत नसे. नवरा आंबिवलीकडच्या एका छोट्या कारखान्यात होता. तिथे महिन्यातले पंधरा दिवस काम आणि पंधरा दिवस घरी बसणं चाललेलं. ठाकुर्लीच्या दोन खोल्यांत आम्ही दोघं, दोन मुलं आणि सासूबाई. त्या वर्षी, म्हणजे नव्वदचं दशक अर्धं सरलं होतं तेव्हा, मला कायम करण्याचा कागद एकदाचा निघाला. त्यावर प्रमुखांचा शेरा पडायचा बाकी होता. कागद त्यांच्या टेबलाच्या वरच्या खणात होता आणि मला रोज तो खण दिसत होता.

त्याच सुमारास ठाण्याचे एक डोळ्यांचे डॉक्टर कॉलेजात व्याख्यानाला आले. परदेशातल्या भाच्याने त्यांना पेनाएवढा लेझर पाठवला होता. ते पडद्यावरच्या चित्रावर त्याचा लाल ठिपका फिरवत होते आणि पहिल्या रांगेतले आमचे प्राध्यापक, पन्नाशीचे बाप्ये, ठिपक्यामागे मांजरीसारख्या माना वळवत होते. डॉक्टर काय बोलले ते दुसऱ्या दिवशी एकालाही सांगता आलं नसतं. प्रमुखांच्या मात्र तो ठिपका डोक्यात गेला. भौतिकशास्त्राचा प्रमुख लाकडी छडी घेऊन शिकवतो आणि एक डॉक्टर येऊन लेझर दाखवतो, हे त्यांना सहन होईना. कॉलेजचा रौप्यमहोत्सव दीड महिन्यावर आला होता. त्यात प्रमुखांचं भाषण होतं. त्यांनी प्राचार्यांना जाऊन सांगितलं, की आपल्याच प्रयोगशाळेत बनवलेला, हातात धरायचा लेझर मी त्या दिवशी वापरणार. बनवायचा कोणी, हे त्यांनी सांगितलं नाही, कारण ते ठरलेलंच होतं.

बनवणार आम्ही दोघं. एक मी, आणि दुसरा आमचा शिपाई. तो खाडीकाठच्या कोळीवाड्यातला, तेव्हा पन्नाशीला आलेला. घरची होडी भावाकडे गेल्यावर तो कॉलेजात लागला होता. पाण्याचे ग्लास भरता भरता आणि उपकरणं पुसता पुसता तो सोल्डरिंग शिकला आणि इतकं स्वच्छ करायला लागला, की मुलांच्या प्रयोगांचे जोड मी त्याच्याकडूनच करून घेई. जाळ्याच्या गाठी मारलेली बोटं ती, कुठे घट्ट धरायचं आणि कुठे सोडायचं त्यांना कळे. पण तो सगळ्यांना अरे-तुरे करायचा. त्यांच्या बोलीत तशीच पद्धत आहे, हे मला ठाऊक होतं. तरी तो मला ‘बाय, तू असा कर’ म्हणाला की माझ्या कपाळावर आठी यायची. मी बी.एस्सी. होते. कायम नव्हते, पण बी.एस्सी. होते.

लेझरचा डायोड म्हणजे हरभऱ्याच्या दाण्याएवढी पत्र्याची डबी, तिला तीन पाय. प्रमुखांच्या मेहुण्याने मुंबईच्या बाजारातून चार आणून दिले होते आणि पुन्हा मिळतील याची खात्री नाही असं बजावलं होतं. हा डायोड फार नाजूक. त्याला ठरलेल्या मापाचाच करंट द्यावा लागतो. थोडा कमी झाला तर तो नुसता मिणमिणतो, जास्त झाला तर तासाभरात मरतो, आणि मेल्यावरही मिणमिणतच राहतो. म्हणून मध्ये एक छोटं सर्किट घालायचं, त्याला ड्रायव्हर म्हणतात. दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टन्स आणि करंट कमीजास्त करायला स्क्रूने फिरणारा एक प्रिसेट. हे सगळं पितळेच्या नळीत बसवलं आणि प्रिसेटच्या स्क्रूपुरतं बाजूला भोक ठेवलं. एका टोकाला सेल, दुसऱ्या टोकाला तोंडाशी भिंग. नळी एमआयडीसीतल्या एका लेथवाल्याकडून करून घेतली होती. भिंग अगदी तोंडाबरोबर बसलं होतं, आत नव्हतं. ते आत बसवायला हवं होतं, पण आपली चूक मोठी असेल असं तेव्हा कुणाला वाटतं?

पहिला डायोड शिपायाने जोडला. मी मीटर लावून प्रिसेट मापावर आणला. बटण दाबलं आणि समोरच्या भिंतीवर बाजरीच्या दाण्याएवढा टोकदार लाल ठिपका उमटला. मला, सांगायला लाज वाटते, आनंदाने हसू आलं. शिपायाने तो ठिपका पार मागच्या कपाटाच्या कुलपावर नेऊन ठेवला आणि हात इतका स्थिर धरला की ठिपका जराही हलला नाही.

मग प्रमुख आले आणि पूजा झाली. आमच्याकडे ही रीत होती. खंडेनवमीला सगळ्या उपकरणांची पूजा व्हायचीच, पण प्रमुखांचा नियम असा, की नवी वस्तू आली, मग तो तराजू असो की पंखा, तिला हळदकुंकू लावल्याशिवाय वापरायची नाही. हेच गृहस्थ दर वर्षी विज्ञानदिनाला अंधश्रद्धेवर बोलायचे आणि गावदेवीला कोंबडं देणाऱ्यांची टिंगल करायचे. विभागात बाई एकटी मी, तीही सवाष्ण, तेव्हा हळदकुंकू लावायचं काम माझं. कपाटातल्या गणपतीच्या तसबिरीपुढे पितळी नळी ठेवली. मी बोट बुडवून आधी हळद, मग कुंकू तिच्या तोंडाला लावलं. माणसाच्या कपाळाला लावतात, गाडीच्या पुढच्या बाजूला लावतात, तसं तोंडाला. प्रमुखांनी हात जोडले, बटण दाबलं आणि भिंतीकडे बघून नाक मुरडलं.

ठिपका पसरट आणि फिका आला होता. ‘करंट कमी पडतोय,’ असं म्हणून त्यांनी खिशातला पेनाएवढा स्क्रूड्रायव्हर काढला आणि प्रिसेट पिळला. तो स्क्रूड्रायव्हर त्यांच्या खिशाला पंधरा वर्षं अडकवलेला होता, आणि त्याने काही दुरुस्त झाल्याचं मी कधी पाहिलं नव्हतं. ठिपका जरा उजळला, प्रमुख खूश झाले, आणि तासाभरात डायोड मेला.

त्यानंतर आमच्या विभागात विद्वत्तेला जो पूर आला, त्याची आठवण आली की आजही मला हसावं की थुंकावं कळत नाही. एक प्राध्यापक म्हणाले डायोड बनावट असणार. दुसरे म्हणाले कल्याण-डोंबिवलीच्या हवेत रसायनं आहेत, ती आत शिरली. तिसऱ्यांनी माझ्या नायलॉनच्या साडीवर बोट ठेवलं. कापड घासून वीज साचते आणि ती बोटातून डायोडमध्ये उतरते, हे त्यांनी बरोबर वाचलं होतं. पण म्हणून त्यांनी मला सुती साडी नेसून यायला सांगितलं आणि स्वतः टेरिकॉटच्या शर्टाच्या टोकाने डायोड पुसून पाहिला. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय. सर्किट उघडून मीटर लावावं, असं एकाच्याही मनात आलं नाही.

मीटर मी लावला. डायोडच्या जागी दोन साधे डायोड आणि एक रेझिस्टन्स जोडून ड्रायव्हर तपासला. प्रिसेट पिळून दुपटीवर गेला होता. तो मी मापावर आणला. ड्रायव्हर दिवसभर चालवून पाहिला, करंट हलला नाही. म्हणजे ड्रायव्हर निर्दोष. साचलेली वीज उतरावी म्हणून सोल्डरिंग आयर्नला अर्थिंग केलं, शिपायाच्या मनगटाला तार बांधून ती नळाला जोडली. दुसरा डायोड जोडला, ठिपका टोकदार आला. मग पूजा झाली, ठिपका फिका पडला, प्रमुखांचा स्क्रूड्रायव्हर बाहेर आला आणि दुसरा डायोड त्याच दिवशी गेला.

प्रिसेट पिळल्यानेच डायोड मरतो, हे मला दिसत होतं. पण प्रमुख पिळतात ते ठिपका फिका पडला म्हणून. मग टेबलावर टोकदार असलेला ठिपका दहा मिनिटांत फिका का पडतो, हे मला कळेना. ते कळल्याशिवाय प्रमुखांना ‘तुमचा हात आवरा’ असं सांगण्याची माझी छाती नव्हती. खण मला दिसतच होता. मी सेल बदलले, बटणाचे जोड पाहिले, डायोड तापतो का म्हणून नळीत पत्रा घातला. सगळं शास्त्राप्रमाणे केलं.

तिसरा डायोड जोडायच्या वेळी शिपायाने जुना काढताना भिंग सोडवलं आणि स्पिरिटच्या कापसाने पुसलं. गेल्या वेळीही त्याने हेच केलं होतं, पण मी लक्ष दिलं नव्हतं. कापूस मला दाखवून तो म्हणाला, ‘बाय, यो कुकू बग. तोंडाला लावतंस तो पूस आदी. काच झाकली तं उजेर भायेर कसा येल?’

मी त्याच्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मला आज आरशात पाहायला आवडणार नाही. मी त्याला म्हणाले की पूजेचं कुंकू लावल्या लावल्या पुसत नाहीत, तेवढं तरी त्याला कळायला हवं. आणि हा विषय इलेक्ट्रॉनिक्सचा आहे. तो ‘बरा’ म्हणाला आणि डायोड जोडायला लागला. मला त्याच्या बोलण्यात एकच गोष्ट ऐकू आली, की शिपाई मला शिकवतोय.

तिसरा डायोडही गेला. आता एकच उरला होता, आणि प्रमुखांना कोणीतरी गुन्हेगार हवा होता. त्यांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं. शिपायाला हात पुढे करायला लावले. त्याचे तळवे त्यांनी चष्म्यातून पाहिले, स्पर्श न करता, आणि मला इंग्रजी मिसळून सांगितलं, की या लोकांच्या घामात मीठ जास्त असतं, जन्मभर खारं पाणी आणि मासळी, त्याने डायोडचे पाय गंजत असणार. असली अक्कल शेंबड्या पोरानेही पाजळली नसती. खारट घामाने पाय गंजायला महिने लागतात, तासात गंजत नाहीत, हे मला माहीत होतं. प्रमुखांनी विचारलं, ‘तुमचं काय मत?’

मी म्हणाले, ‘शक्य आहे, सर.’

शिपायाची त्या दिवसापासून फाटकावर बदली झाली. प्रयोगशाळेत पाऊल टाकायचं नाही, अशी ताकीद मिळाली. चोर सोडून संन्याशाला फाशी, असं तेव्हा मी मनातही म्हटलं नाही. मी मनात म्हटलं, की तो कायम आहे, त्याचं काय बिघडतं? फाटकावर बसूनही पगार तोच. संध्याकाळी घरी जाताना तो स्टुलावर बसलेला दिसला. मी पर्समध्ये काहीतरी शोधत पुढे गेले.

रौप्यमहोत्सवाला दोन दिवस राहिले. चौथा डायोड मी स्वतः जोडला. ड्रायव्हर मात्र तोच, शिपायाने जोडलेला; मेलेला तिसरा डायोडही तो बदलीआधीच काढून, भिंग पुसून ठेवून गेला होता. ठिपका टोकदार आला. पूजा झाली. मी माझ्या हाताने हळद लावली, कुंकू लावलं. प्रमुखांनी बटण दाबलं, ठिपका पसरट आणि फिका, आणि त्यांनी खिशातला स्क्रूड्रायव्हर काढला. तेवढ्यात प्राचार्यांचा माणूस बोलवायला आला, मंडपाचं काहीतरी होतं. प्रमुख स्क्रूड्रायव्हर टेबलावर ठेवून गेले.

मी एकटीच राहिले. ठिपका फिका होता. मी नळी उघडून मीटर लावला. करंट बरोबर मापावर, सुईच्या टोकाएवढाही फरक नाही. ड्रायव्हर चांगला, डायोड चांगला, सेल नवे. मग उजेड जातो कुठे? मी नळी फिरवून तोंडाकडे पाहिलं. भिंगावर माझ्या अनामिकेचा ठसा होता. खाली पिवळा, वर लाल, चांगला जाड. मी कापसावर स्पिरिट घेतलं आणि पुसला. बटण दाबलं. बाजरीचा दाणा भिंतीवर.

मी स्टुलावर बसले. तीन डायोड, दीड महिना, सुती साडी, नळाला बांधलेली तार, आणि सगळं एका बोटाच्या ठशापायी. विभागात इतके पदवीधर असून भिंग घाण आहे का हे कोणी पाहिलं नाही, कारण ते घाण नव्हतं, पवित्र होतं. पाहिलं ते एकट्याने, आणि त्याने येऊन मला सांगितलं होतं. ज्या प्राध्यापकांना मी मनातल्या मनात मूर्ख म्हणत होते त्यांना निदान कोणी सांगितलं नव्हतं. मला सांगितलं होतं. त्या क्षणी मला स्वतःची जी किळस आली ती खरी होती. पण ती अर्धा तासच टिकली, कारण प्रमुख परत आले.

त्यांनी ठिपका पाहिला आणि चकित झाले. काय केलंत, असं विचारलं. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण त्या वाक्यात त्यांचा स्क्रूड्रायव्हर होता, त्यांची पूजा होती, माझं बोट होतं आणि फाटकावरच्या माणसाचं शहाणपण होतं. वरच्या खणात माझा कागद होता.

‘ड्रायव्हरमध्ये एक जोड कच्चा राहिला होता, सर,’ मी म्हणाले. ‘तो मी पक्का केला. आता प्रिसेटला हात लावायची गरज नाही.’

‘मी म्हटलंच होतं,’ ते म्हणाले. ते काय म्हणाले होते ते त्यांनाच ठाऊक. पण त्यांचं समाधान झालं. ड्रायव्हर शिपायाने जोडला होता हे त्यांना आठवत होतं, आणि ते मलाही आठवतंय हे त्यांना दिसत होतं. त्याच दुपारी त्यांनी खण उघडला आणि शेरा लिहिला.

रौप्यमहोत्सवाच्या सकाळी त्यांना पुन्हा हळदकुंकू हवं होतं. मी नळीच्या शेपटाला, सेलच्या झाकणावर लावलं. त्यांच्या लक्षात आलं नाही. भाषण तासभर चाललं. ठिपका पडद्यावर लखलखत होता आणि प्रमुखांचा हात थरथरत असल्यामुळे तो एका जागी ठरत नव्हता, तरी मंडपात टाळ्या झाल्या. ठाण्याचे डॉक्टरही आले होते, त्यांनी नळी हातात घेऊन कौतुक केलं. प्रमुखांनी माझा उल्लेख ‘आमच्या भगिनी’ असा केला. मी उभी राहून नमस्कार केला.

कार्यक्रम आटोपल्यावर मी फाटकाशी आले. शिपाई स्टुलावरून उठून पुढे आला. त्याने टाळ्या ऐकल्या होत्या. त्याचा चेहरा इतका खुलला होता, की तो टोमणा मारणार नाही हे मला दुरूनच कळलं. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

‘चालला ना?’ त्याने विचारलं. ‘कुकू पुसलास ना, बाय? मी बोललो व्हतो.’

आजूबाजूला दोन प्राध्यापक उभे होते. कायम झाल्याचा कागद पर्समध्ये होता. मी म्हणाले, ‘नाही. कुंकवाचं काही नव्हतं. ड्रायव्हरमध्ये एक जोड कच्चा होता.’

त्याचं हसू गेलं नाही, पण जरा थांबलं. त्याने आपले दोन्ही हात पुढे धरून, प्रमुखांनी पाहिले होते तसेच, उलटसुलट करून पाहिले.

‘म्हंजी माजीच चूक व्हती,’ तो म्हणाला आणि माझ्यासाठी फाटक उघडलं.